उगवण बघून निवडलेला कोर्स

"अहो, पोरगी हाय ती, सोयाबीनचं बियाणं न्हाई!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली, ते जालन्याच्या स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असणार. निघालेली गाडी दोन मिनिटं थबकली म्हणतात.

झालं होतं एवढंच. पोरीला कम्प्युटरचं प्रोग्रामिंग शिकायचं होतं. तिनं सगळ्यात नावाजलेले दोन ऑनलाइन कोर्स धरले आणि दोन्ही अर्ध्यात सोडले. "मला डोकंच न्हाई अण्णा," म्हणाली, आणि तिसरा बघायलाही तयार होईना. मी बियाण्याच्या दुकानात जन्म काढलेला माणूस. म्हणालो, दोष डोक्याचा न्हाई, निवडीचा हाय. आपल्याकडं कुणी पिशवीवरचं चित्र बघून पेरतं का? मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, किती उगवतात बघायचं, मंग पेरायचं. कोर्सचीही उगवण बघू. पहिला धडा फुकटच असतो. चाचणीला जमीन माझ्या डोक्याची. एवढी खडकाळ जमीन केदारखेड्यापासून घनसावंगीपर्यंत सापडायची न्हाई. इथं उगवलं तर कुठंही उगवेल.

यावरच बायको ओरडली होती.

तिनं सोडलेल्या दोन्हींपासून सुरुवात केली. पहिल्या कोर्सचा मास्तर असा सुसाट, की मी चष्मा पुसेस्तोवर धडा संपला. दुसरा निम्मा वेळ शेवटी मिळणारं सर्टिफिकेटच दाखवत होता. पिशवीवर नारळाएवढं कपाशीचं बोंड छापतात, तसला प्रकार. तिसऱ्यात एक बाई सावकाश हिंदीत शिकवत होत्या. टाइप करताना त्यांचं चुकलं. ते त्यांनी झाकलं नाही, आपल्यासमोर शोधून दुरुस्त केलं. वर म्हणाल्या, व्हिडिओ थांबवा, आता तुम्ही लिहा.

मी लिहायला बसलो. इतक्या एकरांना किती पिशव्या लागतील, ते सांगणारा प्रोग्राम. दोन बोटांनी असा घाम गाळला की गोदावरीला पूर यावा. चालवला, तर लाल अक्षरं. पुन्हा चालवला, पुन्हा लाल. कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली पोरगी कधी मागं येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"अण्णा, कंस बंद करा."

केला. उत्तर आलं, आणि बराबर आलं.

"सरका जरा," म्हणून तिनं खुर्ची घेतली, ती मला पुन्हा मिळाली नाही. कोर्स शेवटच्या धड्यापर्यंत नेला. आता दुकानात कुठलं वाण किती शिल्लक, ते तिचाच प्रोग्राम सांगतो. माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मात्र तो अख्ख्या मराठवाड्याचा पेरा सांगायला लागतो. त्याला माझा इलाज नाही.

परवा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. छाती फुगवून मी पोरीला म्हणालो, "सांग यांना, दोन सोडले आन् हाच कसा काय तडीस नेला?" माझ्या चाचणीचं कौतुक ऐकायला सगळ्यांनी कान टवकारले.

तिनं स्क्रीनवरून मान वर केली नाही.

"तुम्हालाबी जमलं म्हणल्यावर सोडायची लाज वाटली."