निहारिकाच्या बोटावरची पट्टी

निहारिकाला काही दुखलं-खुपलं तर ती सांगत नाही. ही काळजी मला नवी नाही, पण आज ती छातीवर बसली आहे आणि उठायला तयार नाही.

शाळेत असताना टावर चौकात सायकलवरून पडली, तेव्हा सोललेलं कोपर स्वेटरच्या बाहीत लपवून घरी आली होती. ओरडा बसेल म्हणून नव्हे. सायकल बंद होईल म्हणून.

एम.एस्सी. झाल्यावर ती संशोधनासाठी वटवाघळांच्या मागे लागली. उज्जैनच्या फ्रीगंजात आमच्या गल्लीत तिला ‘चमगादड़ वाली दीदी’ म्हणतात. माझ्या नणंदबाई, सुमनवन्सं, एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, “स्थळाला काय सांगायचं गं? मुलगी स्वयंपाक करते, पेटी वाजवते आणि वटवाघळं धरते?” निहारिका म्हणाली, “पेटीचं खोटं आहे, आत्या.”

काम मात्र हसण्यासारखं नाही. गावाबाहेर, भैरवगढच्या पुढे एक ओसाड धर्मशाळा आहे. अंधार पडताना तिच्या दाराशी बारीक जाळी लावायची, अडकलेलं वटवाघूळ अलगद सोडवायचं, त्याच्या पंखाचं हाड मोजायचं, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. चामड्याचे हातमोजे घालायचे हा नियम. पण विद्यापीठाच्या विभागातले मोजे पुरुषी मापाचे. मुलींची बोटं त्यांत हरवतात, काडीएवढं हाड चिमटीत येत नाही. म्हणून मुली उजव्या हातातला मोजा काढून ठेवतात आणि त्यांच्या गाइडना, मुळ्ये सरांना, कळू देत नाहीत. सरांनी बजावून ठेवलं आहे, एकीला जरी चावलं तरी मुलींचं रात्रीचं काम बंद.

शुक्रवारी ती बोटाला रुमाल गुंडाळून आली. “भाषणासाठी प्रोजेक्टरच्या ट्रान्सपरन्सी कापताना ब्लेड लागलं,” म्हणाली. मी हळद भरून घट्ट पट्टी बांधली. रविवारी सरांबरोबर पुण्याला गेली. तिथे वटवाघळांवर काम करणाऱ्यांची परिषद भरली आहे. विद्यार्थ्यांच्या भाषणांना बक्षिसं आहेत आणि तिचं भाषण उद्या सकाळी आहे. निघताना म्हणाली, “बक्षीस राहू दे आई. एकदा त्या लोकांसमोर नीट बोलले ना, की सर मला मुलगी म्हणून बाजूला ठेवू शकणार नाहीत.”

आज संध्याकाळी तिच्याबरोबर जाळीवर जाणारी मैत्रीण श्रुती पुस्तक न्यायला आली.

“काकू, निहूचं बोट कसंय?”

“ब्लेडचं ना? बरं असेल.”

ती पुस्तक उचलून निघायला लागली. मी दार लोटून घेतलं. “श्रुती, ब्लेड नव्हतं ना?”

“सरांना नका सांगू, काकू, प्लीज. जाळीतलं नव्हतंच ते. भिंतीपाशी पडलं होतं, धड उडत नव्हतं. ही उघड्या हातानं उचलायला गेली आणि चावलं.”

मी तशीच समोरच्या डॉक्टर नागरांकडे गेले, सगळं सांगितलं.

“घाव साबुन से धोया था, भाभीजी?”

“मैंने तो हल्दी भर के पट्टी कस दी थी.”

त्यांनी चष्मा काढला. “देखिए, ज़्यादातर कुछ नहीं होता. पर जानवर बीमार था, और रेबीज़ एक बार हो गया तो इलाज नहीं. इंजेक्शन आज ही शुरू होने चाहिए. कल नहीं.”

गेस्ट हाऊसवर फोन लावला. तिला बोलावून आणेपर्यंत मी रिसीव्हर कानाला लावून उभी होते.

“श्रुतीनं सांगितलं ना? मूर्ख आहे ती.”

“निहू, आत्ता दवाखान्यात जा.”

“आई, इथे सर बरोबर आहेत. एकटी कुठे जाऊ? त्यांना कळलं तर उद्याचं सोड, जूनपासून एकही मुलगी जाळीपाशी उभी राहणार नाही. उज्जैनला आले की घेते इंजेक्शन. शपथ.”

“डॉक्टर म्हणतात आजच.”

“आई, प्लीज.” आणि फोन ठेवला.

तिचे बाबा सगळं ऐकत होते. “उद्या दुपारपर्यंत थांब,” म्हणाले. “एवढी राबली आहे पोर. डॉक्टर म्हणाले ना, बहुतेक काही नसतं.”

“बहुतेक,” मी म्हटलं.

 ते आता आत पडले आहेत, पण झोप त्यांनाही नाही. सारखी कूस बदलल्याचं ऐकू येतं आहे.

मी बसून लिहिते आहे, कारण हात रिकामा राहिला तर भीती वाढते. तिचं म्हणणं मला पटतं. मीही बी.एस्सी.ला होते, मुलींना बाहेर ठेवायला किती लहानसं कारण पुरतं ते मी पाहिलं आहे. पण ते काम पुन्हा मागता येईल, भांडून मिळवता येईल. ती गेली तर मी कुणाशी भांडू?

तिला पुन्हा फोन करून उपयोग नाही. मुळ्ये सरांनाच उठवणार आहे. आधी चावल्याचं सांगेन. ते उठून कपडे करतील, तेवढ्यात मोज्यांचंही सांगेन, की तुमच्या मापाचे मोजे तुम्ही मुलींना देता. आणि म्हणेन, इंजेक्शन देऊन आणा, सर, पण उद्या तिला बोलू द्या. ते ऐकतील की नाही, ठाऊक नाही. निहारिका मला माफ करणार नाही, हे ठाऊक आहे.

पुण्याचा नंबर समोर आहे. पेन ठेवते आणि फोन लावते.