मामांचं नख

वाळूजला आमच्या कारखान्यात तेलविहिरींच्या पंपांचे दांडे बनतात. दांड्याला दांडा जोडून विहिरीत खोल सोडतात; वरचं यंत्र ते खालीवर हलवतं, तसा तळातला पंप तेल वर चढवतो.

तपासणीवाले मामा खाच शोधायला प्रत्येक दांड्यावरून नख फिरवतात. सवयीनं चहाच्या कपावरूनही.

त्या दिवशी ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. घाईत माझ्या हातून एक दांडा फरशीवर आपटला. आपटलेला दांडा बाद करायचा असतो. मी तो गुपचूप ढिगात सरकवला. मामांचं नख नेमकं त्याच्यावर अडलं.

"कुणाच्या हातून पडला?"

मी पुढचा दांडा उचलायला वाकलो.

"इथं लपंल. विहिरीत नाय लपायचं, तिथं तुटंल," म्हणत त्यांनी दांड्याला लाल रंग फासला.

पुन्हा कधी विचारलं नाही. पण आता मामांनी खांद्यावर हात ठेवला, की मी अंग चोरतो. नख कुठं अडेल, ते मला ठाऊक आहे.