निधनवार्तेतले सोयरे

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही, कारण त्यात चूक माझी होती.

मेहकरला ठाणेदार असताना महिनाभरात दोन बंद घरे फुटली. दोन्ही घरांत एकाच मिस्त्रीने फरशी बसवली होती. मी त्याला अटक केली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, मी चोरी नाई केली. आता मले कोन घरात घेईन?" सगळे असेच रडतात, असे म्हणून मी फाईल पुढे ओढली.

एका जिल्हा दैनिकाचे वयस्कर वार्ताहर रोज सकाळी ठाण्यात यायचे. पस्तीस वर्षे हेच काम. आदल्या दिवशीचे गुन्हे उतरवून घ्यायचे, आमच्या हस्ताक्षराला नावे ठेवायची आणि चहा पिऊन जायचे. त्या दिवशी त्यांनी चहाला हात लावला नाही. टेबलावर दोन कात्रणे ठेवली. दोन्ही त्यांनीच लिहिलेल्या निधनवार्ता. मयत खेड्यातले, पण शेवटी 'मेहकर येथील अमुक शिक्षकांचे ते सासरे होत' अशा ओळी. बातमी आली त्याच दिवशी, मयतीला गेलेल्या त्या सोयऱ्यांची बंद घरे फुटली होती.

"मानसं खुश होतात म्हून मी साऱ्या सोयऱ्यांचे नावं टाकतो," ते म्हणाले. "साहेब, माह्याच बातम्या चोराले पत्ते देऊन राह्यल्या."

असे कबूल करायला छाती लागते.

पुढची निधनवार्ता सुलतानपूरची. छापून येण्याआधीच त्यांनी मला कळवले. मयताचे मेहकरचे जावई आम्हाला चावी देऊन गेले, आमचे दोन शिपाई आत बसले. बातमी आली त्या दुपारी, मेहकरात खोली घेऊन राहणारा एक परगावचा भाडेकरू मागच्या दाराचा कोयंडा उचकटताना सापडला.

"घर रिकामे आहे हे कसे कळायचे?" मी विचारले.

"पेपरात येते ना साहेब. मयत कोनाच्या सोयऱ्याची हाय ते वाचलं का झालं."

आधीच्या दोन्ही घरांतला माल त्याच्या खोलीत मिळाला. न्यायालयात अहवाल देऊन मी मिस्त्रीला सोडवले. वार्ताहरांनी विचारले, "चूक पोलिसांची झाली, असं तुमच्या नावानं छापू काय?" मी हो म्हणालो. छापले, तरी मिस्त्रीला कोणी काम देईना.

मग वार्ताहरांनी स्वतःच्या स्वयंपाकघराची फरशी उखडली, मिस्त्रीच्या हाती घराची चावी दिली आणि सगळे कुटुंब घेऊन चार दिवस लग्नाला रोहिणखेडला निघून गेले. सगळी गल्ली बघत होती. ते परतले तेव्हा शेजारच्यांनीही मिस्त्रीला काम सांगितले होते.

माझ्या क्वार्टरची न्हाणी मग त्यानेच केली. चावी देताना मला त्याच्याकडे बघवले नाही. निर्दोष माणसाला कोठडीतून सोडले की आपले काम संपते, असे मी समजत होतो. ते तिथे संपत नाही, हे मला त्या वार्ताहरांनी शिकवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.