सोंड्या भुंग्याला भेटायला सांगलीला

लोक सांगलीला गणपतीच्या दर्शनाला जातात आणि येताना भडंग आणतात. मी गेलो सोंड्या भुंग्याच्या पंखाखाली काय चाललंय ते बघायला. भडंगही आणलं, ते सोडा.

भूपालआण्णा साताऱ्याच्या एमआयडीसीत माझ्या शेजारच्या लेथवर होते. निवृत्तीनंतर सांगलीजवळच्या आपल्या गावी, कृष्णाकाठी गेले, आणि त्यांच्या अकरा नारळांना हा भुंगा लागला. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. झाड वरून हिरवं दिसत राहतं आणि एक दिवस शेंडा मोडून पडतो. उपाय म्हणून त्यांनी वासाचा सापळा आणला. बादलीत भुंग्यांना ओढणारी पुडी टांगायची आणि ते बुडावेत म्हणून तळाला पाणी ठेवायचं. पण आण्णा जैन, मुंगीलाही वाट सोडणारे. "बुडवायचं मन हुईना गड्या," ते फोनवर म्हणाले. मी कॉलेजची पायरी न चढता सूक्ष्मदर्शक शिकलेला माणूस. ठणकावून सांगितलं, "या भुंग्यावर सूत्रकृमी असतात, डोळ्याला न दिसणारे दोऱ्यासारखे जीव. ते त्याला संपवतील. तुम्ही कशाला पाप घेताय?"

दोन महिन्यांनी पुरावा बघायला निघालो. साताऱ्याहून सकाळी सातची एसटी धरावी, डावीकडे बसू नये, ऊन येतं. कराडला दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात चहाच होतो. पेठ नाक्यानंतर रस्ता निम्मा झालेला, निम्मा व्हायचाय. मी टॉवेलात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक मांडीवर धरून बसलो होतो. कंडक्टरनं विचारलं, "मूर्ती हाय का?" "सूक्ष्मदर्शक." "मग धरा नीट. मूर्ती असती तर तिनंच सांभाळलं असतं."

आण्णांचा सापळा ठणठणीत कोरडा होता. सकाळी सापडलेले भुंगे ते डब्यात भरून नदीच्या बांधावर सोडून येत. "जगू दे तिकडं. तुमचं किडं बघतील काय ते."

त्या दिवशी नऊ भुंगे होते. मोठ्यात मोठा पट्टीवर छत्तीस मिलिमीटर. आण्णांच्या देखत मारायची सोय नव्हती, म्हणून एकेकाचा पंख उचलून थेंबभर पाण्यानं धुतला आणि तो थेंब काचेवर घेतला. सूत्रकृमी होते, वळवळणारे, मोजता न येण्याइतके. आण्णांनी डोळा लावला. "आयला, जत्राच हाय की."

मी दुपारभर खूश होतो. मोजलेल्या नगाला खूण करायच्या लेथवरच्या सवयीनं वहिनींची नेलपॉलिश मागून नऊही पाठींवर ठिपके दिले. आण्णांनी त्यांना बांधावर सोडलं आणि दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो. शेंगदाण्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी, लय झकास.

सकाळी बादलीत सहा भुंगे. चारांच्या पाठीवर ठिपका. तरतरीत. पुन्हा धुतले, सूत्रकृमीही तसेच तरतरीत.

भुंगा मारणारे सूत्रकृमी असतात, हे खरं. पण ते वेगळे. हे नुसते पंखाखाली बसून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारे. मी अर्धा लेख वाचून दोघांना एकच समजलो होतो. तसं सांगितलं.

"म्हंजे हे एसटीनं फिरत्यात," आण्णा म्हणाले. हसले नाहीत. विहिरीजवळच्या नारळाकडे घेऊन गेले आणि खोडाला कान लावायला सांगितला. आतून कुरकुर ऐकू येत होती, कुणी वाळकी भाकरी चावावी तशी.

"ह्यो गेला," वहिनी मागून म्हणाल्या. "आवं, ऱ्हायलेल्या धाचं काय करायचं, ते तरी ठरवा दोघांनी. एकाला पाप नको, दुसऱ्याला चूक नको."

आण्णा पाठ फिरवून विहिरीकडे तोंड करून उभे राहिले. मी कळशी उचलली आणि बादलीत चार बोटं पाणी ओतलं. ठिपकेवाले चौघं आतच होते.

विहिरीजवळचा नारळ पुढच्या महिन्यात पडला. दहा उभे आहेत, मी मोजून आलोय. घरी सूक्ष्मदर्शक कपाटात आहे. लेख हल्ली शेवटपर्यंत वाचतो. दर आठ-दहा दिवसांनी आण्णांचा फोन येतो. हवापाणी विचारतात, साताऱ्याची चौकशी करतात आणि शेवटी म्हणतात, "बादलीतलं पाणी आटलंय." ओता, असं मी म्हणत नाही. या, असं ते म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची एसटी, उजवीकडची खिडकी.