आधी एक तुकडा

"पत्रा वाकवायच्या आधी त्याला इचारावं लागतंय," असं विरूपाक्ष म्हणायचा. उद्यमनगरातल्या कारखान्यात तो बावीस वर्षं बेंडिंग मशीनवर होता. पत्र्याचा नवा गठ्ठा आला की तो आधी एक तुकडा वाकवून मापायचा, कारण प्रत्येक गठ्ठ्यातला पत्रा वाकताना वेगळा ताणला जातो आणि माप बदलतं. २००३ साली आलेल्या विजयसिंह मॅनेजरनं ते बंद केलं. "अण्णा, तुकडे वाया घालवायला हा काय तुमच्या सासऱ्याचा पत्रा हाय?" विरूपाक्षनं दोनदा बजावलं. तरी विजयसिंहनं कपाटांची साठ दारं तुकडा न मापता तशीच वाकवायला लावली, आणि एकही चौकटीत बसेना. गिऱ्हाइकासमोर विजयसिंह हसत म्हणाला, "म्हाताऱ्याचा हात थरथरतोय, साहेब." विरूपाक्षच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं हातातला काटकोन तपासायचा गुण्या त्या दारांवर आपटला आणि तो कारखान्याबाहेर पडला.