टाळ्या मिळालेला प्रश्न

प्रेबेन संतापला तेव्हा अख्खा हॉल त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांचा व्हिडिओ पुढे थायलंडभर फिरला. लाखो लोकांनी तो पाहिला. प्रेबेनने त्यात काय विचारलं होतं, हे त्यांच्यापैकी एकाला तरी सांगता येईल का, याची मला शंका आहे. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

प्रेबेन मूळचा डेन्मार्कमधल्या एका बंदराच्या गावचा, पाइप फिटर. थायलंडच्या ईशान्येला, उदोनजवळच्या ज्या साखर कारखान्यात मी महाराष्ट्रातून येऊन नोकरीला लागलो, तिथे नवे बॉयलर बसवायला जी टोळी आली होती, तिच्यात तो होता. काम संपलं, टोळी परत गेली, हा मागे राहिला. कारण गेटसमोर होतं. तिथे लमदुआन नावाची बाई कच्ची पपई उखळात कुटून सोमतम विकायची. सगळे फरांग, म्हणजे गोरे परदेशी, तिच्याकडे मिरची कमी घालायला सांगायचे आणि पाडेकच्या, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या, वासाने नाक धरायचे. प्रेबेन तिथेच बाकड्यावर बसून चिकट भाताचे गोळे करून खायचा. बोलायलाही तो त्या बाकड्यावरच शिकला. त्यामुळे त्याला येते ती इसानची, म्हणजे या ईशान्य भागाची, बोली, लाओ वळणाची, बाजारातल्या बायकांची. बँकॉकची शुद्ध थाई त्याला आजही धड जमत नाही.

लग्न झालं. गावात, रस्त्याला लागून, जमीन घेतली. पैसे प्रेबेनचे होते. पण परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, आणि बायकोच्या नावावर घ्यायची तर नवऱ्याने लिहून द्यावं लागतं की हे पैसे सर्वस्वी तिचे आहेत, माझा त्यांच्याशी संबंध नाही. आयुष्यभराची कमाई समोर ठेवून त्याने हे खोटं लिहून दिलं. सरकारलाही ते खोटं असल्याचं ठाऊक होतं. सही करताना तो हसत होता. मी साक्षीला होतो. मला हसू आलं नव्हतं.

घर मात्र त्याचं होतं, परवानाही त्याच्या नावाचा. इकडे जुनं लाकडी घर उभ्या जागी विकत घेतात, सुटं करून ट्रकवर घालतात आणि आपल्या जमिनीवर पुन्हा उभारतात. प्रेबेनने नदीपलीकडच्या गावातून असं एक घर आणलं. खांब, तुळया, फळ्या, सगळं सागवानी. लमदुआनचा धाकटा भाऊ समाय आमच्याच कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. त्याने ट्रक दिला. गाव मदतीला आलं. गावाने प्रेबेनचं नावही छाटून टाकलं. तो झाला ता बेन, म्हणजे बेनआजोबा. समाय त्याला ज्या शब्दाने हाक मारतो त्याला मराठीत दाजी म्हणतात, म्हणून इथेही मी दाजीच लिहितो.

मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं की बायकोच्या जमिनीवर मरेपर्यंत राहण्याचा हक्क नोंदवता येतो, तो नोंदवून घे. लमदुआनने विचारताक्षणी सही केली असती. पण तो विचारायलाच तयार होईना.

"तिला काय सांगू?" तो म्हणाला. "तू मेलीस तर माझं काय, ते आत्ताच लिहून दे?"

इथे हा प्रश्न नवरा बायकोला विचारत नाही. मरणाचं नाव काढलं की मरण दार बघून ठेवतं, असं मानतात. शिवाय फरांगचा बायकोवर भरवसा नाही, हे गावभर झालं असतं. प्रेबेन इथला झाला होता तो असा, नको त्या बाबतीतसुद्धा.

मग लमदुआन गेली. सकाळी पपई सोलता सोलता डोकं दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळी इस्पितळात संपली. देवळात दहन झालं. तिच्या अस्थी देवळाच्या कुंपणभिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या, वर तिचा फोटो बसवला. प्रेबेन रोज सकाळी तिथे चिकट भाताचा गोळा ठेवून यायचा.

मुलंबाळं नव्हती. कायद्याने जमिनीचा अर्धा वाटा समायचा झाला, अर्धा प्रेबेनचा. पण प्रेबेनला मिळालेला वाटा फक्त विकण्यापुरता. वर्षाच्या आत विका, नाहीतर सरकार विकेल. म्हणजे कायदा त्याला वारस म्हणतो आणि त्याच दमात बाहेर काढतो. असलं कलम लिहिताना कुणाचा हात अडखळला नसेल का, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

समाय वाईट माणूस नाही. पण रस्ता चौपदरी झाला आणि खोन केन शहरातला एक गिऱ्हाईक आला. त्याला तिथे कॉफीचं दुकान काढायचं होतं, आणि ते जुनं सागवानी घर बघूनच त्याने भाव सांगितला होता. समाय दाजींना म्हणाला की पैसे अर्धे अर्धे घेऊ, तुम्ही शहरात एखादी छान खोली घ्या. प्रेबेन काही बोलला नाही. समायने तो होकार धरला.

तेवढ्यात निवडणूक आली. एका मोठ्या पक्षाचे नेते उदोनला येणार होते. इसानमध्ये फरांग जावई गावोगाव आहेत. त्यांना मत नाही, पण त्यांच्या बायकांना, सासवांना, मेहुण्यांना आहे. तेव्हा नेते परदेशी रहिवाशांना हॉटेलच्या हॉलमध्ये भेटतील, कुटुंबासह या, असं ठरलं. आमच्या परदेशी रहिवाशांच्या क्लबचा अध्यक्ष रसेल, बँकेतून निवृत्त झालेला इंग्रज. प्रश्न आधी द्यायचे आणि त्यातले निवडक विचारायचे, ही व्यवस्था त्याचीच.

मी क्लबचा खजिनदार, म्हणून बैठकीला होतो. लोकांना काय काय विचारायचं होतं? अभयारण्यात आमच्याकडून कित्येक पट तिकीट का घेता? इथे इतकी वर्षं काढूनही दर तीन महिन्यांनी पत्ता कळवायला रांगेत का उभं राहायचं? बाहेरून आणलेल्या पेन्शनवर कर लागणार का? थंडीत ऊस जाळतात त्याच्या धुराचं काय? या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू फडाला काडी मीच लावतो. एकाने वाइनच्या किमतीचाही प्रश्न दिला होता, आणि तो निवडला गेला.

प्रेबेनचा प्रश्न रसेलने काढून टाकला. मी हरकत घेतली. तो मला समजावू लागला, की हे खासगी दुःख आहे, आणि जमिनीचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, परदेशी देश विकत घ्यायला निघाले. नेत्यांना अडचणीत आणायला बोलावलेलं नाही. मी म्हटलं, मग वाइनपुरते बोलावलेत का? त्याला ते लागलं. मत घेतलं गेलं. माझ्या बाजूने मी एकटाच होतो.

हे मी प्रेबेनला सांगितलं, तेव्हा त्याने कोपऱ्यातला रंधा उचलला आणि उंबऱ्याचा फुगलेला भाग तासायला घेतला. "मी विचारणार," एवढंच म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढे फरांग, मागे त्यांच्या घरची मंडळी अशी बसण्याची सोय होती. समाय मागे होता, फोन वर धरून. नेते एकेका प्रश्नावर म्हणत होते की हा विषय महत्त्वाचा आहे, आम्ही अभ्यास करू. दुभाषी मुलगी ते इंग्रजीत सांगत होती. वाइनवर मात्र त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिलं आणि रसेल खूश झाला. आभार मानायला तो उठणार इतक्यात प्रेबेन उभा राहिला. हातात माईक नव्हता. कारखान्यात बॉयलरच्या आवाजावर बोलायची सवय असलेला त्याचा घसा. तो इसानमध्ये बोलला.

"साहेब, मी नोंग खाम गावचा बेन. माझी बायको लमदुआन वारली. तिच्या अस्थी देवळाच्या भिंतीत आहेत. घर मी माझ्या हातांनी बांधलंय, पण खालच्या जमिनीवरून कायदा मला उठवतोय. मरेपर्यंत मला तिथं राहता येईल असा कायदा तुम्ही करणार का? हो का नाही, तेवढं सांगा."

मग मागच्या रांगांतून बायकांच्या हसण्याची लाट आली. थट्टेचं हसू नव्हतं ते. कौतुकाचं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. कुणीतरी ओरडलं, अगं, हा तर आपल्या आजीसारखा बोलतो. टाळ्या सुरू झाल्या.

नेते बँकॉकचे. त्यांना इसानी येत नाही, गावात आले की चार शब्द टाकतात तेवढंच. ते हसत हसत व्यासपीठावरून खाली आले.

"हे तर माझ्यापेक्षा चांगलं लाओ बोलतात. काका, पाडेक खाता की नाही?"

"खातो," प्रेबेन म्हणाला. "माझ्या प्रश्नाचं काय?"

यावर हॉल अक्षरशः फुटला. नेत्यांनी कमरेचा चौकड्यांचा पंचा सोडला, जो सकाळी गावकऱ्यांनी त्यांना बांधला होता, आणि प्रेबेनच्या कमरेला गुंडाळला. कॅमेरे पुढे सरसावले. हा इसानचा खरा जावई, असं नेते म्हणाले. प्रेबेनचा चेहरा लालबुंद झाला होता. लोकांना वाटलं, म्हातारा लाजला.

मला त्या हॉलमधल्या एकेकाची मानगूट धरून विचारावंसं वाटत होतं, की तुम्हाला भाषा कळली ना? मग वाक्य का नाही कळलं? इंग्रजीत विचारलं असतं तर निदान दुभाषी मुलीला ते ऐकावं लागलं असतं. मीही इथे उभं आयुष्य काढलंय. चिकट भात हाताने खाल्ला की अजून कुणीतरी वा वा करतं. पाहुण्याने आपली भाषा बोलली की त्याचं कौतुक करायचं आणि बोलतो काय, ते सोडून द्यायचं. हा पाहुणचार नव्हे. दार लावून घेण्याची ही गोड रीत आहे.

व्हिडिओ समायनेच टाकला होता. आठवडाभरात प्रेबेनला बाजारात चालणं मुश्कील झालं. लोक फोन पुढे करायचे, ता बेन, काहीतरी बोला ना. शाळेने बोलावलं. पावसासाठी अग्निबाण सोडतात त्या जत्रेत परीक्षक म्हणून बसा, असं सरपंच म्हणाले. कुणी त्या व्हिडिओखाली लिहिलं की यांना एक रेडा भेट द्या, म्हणजे पुरते इसानचे होतील. समायची छाती फुगली होती. "दाजी, तुम्ही आता पुढाऱ्याहून मोठे झालात," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा, आणि त्याच तोंडाने गिऱ्हाइकाला तारीख देत होता.

मग पक्षाच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. शेवटच्या सभेत काकांनी व्यासपीठावर दोन शब्द बोलावेत. प्रेबेनने विचारलं, साहेब उत्तर देणार आहेत का? ती म्हणाली, काका, तुमचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं हो. त्याने फोन बंद केला. मी समोर बसलो होतो. तो उठला, शिडी घेतली आणि छपराची पहिली कौलं उतरवायला लागला.

घर सुटं करताना इकडे गाव गोळा होतं, बोलवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी लोक पहारी, दोर, भाताचे डबे घेऊन आले. कुणाला वाटलं घर विकलं, कुणाला वाटलं दुरुस्ती. शेजारची बाई फोन धरून म्हणाली, ता बेन, बोला की. प्रेबेन तिला डॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. ती हसली, पुन्हा म्हणाली. त्याने पुन्हा डॅनिशमध्येच उत्तर दिलं. दिवसभर ज्याने त्याने काही विचारलं की डॅनिश. हळूहळू फोन खिशात गेले आणि अंगणातला कलकलाट थांबला.

दुपारी समाय ट्रक घेऊन धावत आला. छप्पर उतरलं होतं, भिंतीच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या.

"दाजी, हे काय मांडलंय? त्याला घरासकट जागा हवीय."

प्रेबेन खांबाची पाचर ठोकून सैल करत राहिला.

"घर माझं आहे," तो म्हणाला. दिवसातलं त्याचं हे पहिलं इसानी वाक्य.

"पण राहायचंच होतं तर मला विचारायचं होतंत. मी काय परका आहे?"

"विचारलं होतं की. त्या हॉलात, सगळ्यांसमोर. तू फोन वर धरून बसला होतास."

समायने खिशातून फोन काढून तोच व्हिडिओ लावला. त्याने तो कित्येकदा पाहिला असेल, पण या खेपेला त्याने फोन कानाशी धरला. अंगण इतकं गप्प होतं की आम्हालाही ऐकू आलं. लमदुआनचं नाव आलं, देवळाची भिंत आली, हो का नाही आलं. मग हसणं, आणि त्यात फोनच्या सगळ्यात जवळचं, सगळ्यात मोठं हसणं समायचं स्वतःचं.

त्याने फोन खिशात ठेवला. मग वाकून तुळईचं दुसरं टोक उचललं.

हे वाचून कुणाला वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. नाही झालं. ठरलेली मुदत कायद्याची होती, समायची नव्हती. जागा त्याच गिऱ्हाइकाला गेली, बिनघराची, पडेल भावात. लाकडं समायच्या ट्रकवरून देवळात गेली. मठाधिपती म्हातारे आहेत, कमी बोलतात. प्रेबेनने त्यांना विचारलं, हे घर मी देवळाच्या आवारात उभं करू शकतो का? ते म्हणाले, नाही, लाकडं मात्र हवी तितके दिवस ठेव. एवढ्या महिन्यांत त्याला मिळालेलं सरळ उत्तर हेच. त्याने हात जोडले.

आता तो कारखान्यामागच्या चाळीत भाड्याच्या खोलीत राहतो. पक्षाने निवडणुकीत रस्त्याकडेला जे मोठे फलक लावले त्यांतल्या एकावर तो आणि नेते होते, पंचा गुंडाळतानाचा फोटो. तो फलक नेमका त्याच्या जुन्या जागेसमोर उभा केला होता. निकालानंतर लोक असल्या फलकांचं कापड डुकरांच्या खोपटावर किंवा भाताच्या पोत्यांवर टाकायला नेतात. प्रेबेनने आपलं स्वतः उतरवलं आणि देवळात नेऊन लाकडांवर घातलं, चित्राची बाजू आत. मी आणि समायने दोऱ्या आवळल्या.

रोज सकाळी तो कोनाड्यात भात ठेवतो आणि त्या ढिगाला एक फेरी मारतो. नेते आता मंत्री आहेत. गावात कुणी त्याच्या बोलण्याचं कौतुक केलं, तर तो डॅनिशमध्ये उत्तर देतो.