छपराखालचं डुक्कर

दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, ऐकावं मात्र सगळं लागतं. देवास गेटजवळच्या लिन डॉक्टरांचे किस्से आम्हा शाळामास्तरांकडे साठले ते असे. तेव्हा आमचं राज्य मध्यभारत होतं.

डॉक्टर कलकत्त्याचे चिनी. खुर्चीसमोर लाल कागदावर त्यांनी एकच चिनी अक्षर लिहून लावलं होतं. संस्कृत शिकवणाऱ्या मुळे गुरुजींच्या कवळीचा साचा घेताना त्यांनी सहज अर्थ सांगितला, "ऊपर छत, नीचे सूअर. मतलब घर."

गुरुजींच्या तोंडात प्लास्टर. डोळे तेवढे मोठे झाले. प्लास्टर निघाल्याबरोबर म्हणाले, "डॉक्टर, ते डुक्कर काढा."

"निकाल दूँ तो खाली छत रह जाएगी, गुरुजी."

मग त्यांनी समजावलं. मेंढ्या घेऊन माणूस रानोमाळ फिरतो. डुक्कर पाळणारा एका जागी राहतो. म्हणून जुन्या लोकांनी घराची खूण तीच केली.

*

कवळी बसवायला गेले तेव्हा गुरुजी तयारीत होते. "आमच्याकडे गृहिणी म्हणजे घर."

डॉक्टरांनी लगेच दुसरं अक्षर काढून दाखवलं. छताखाली बाई. "यह शांति है."

"डॉक्टर, तुमचं लग्न व्हायचंय वाटतं."

"हो गया. वो कलकत्ते में रहती है."

*

तिला आणायचं तर खोली हवी. मोहल्ल्यात कुणी देईना. "हे लोक काय काय खातात," म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. डॉक्टर हसून सोडून द्यायचे, पण त्यांचं दवाखान्यातल्या बाकावर झोपणं आम्हाला बघवेना. शेवटी गुरुजींच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, कुणाला न विचारता घराच्या मागच्या दोन खोल्या झाडून घेतल्या.

लिनबाई आल्या आणि त्यांच्या दारावर तो लाल कागद लागला. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

"अगं, डुक्कर आहे ते," गुरुजी म्हणाले.

"वराह अवतार तुम्हीच शिकवता ना वर्गात?" काकू म्हणाल्या.

*

पुढे मध्य प्रदेश झाला. नागपूरहून बदली होऊन एक मराठी कुटुंब शेजारी राहायला आलं. त्यातल्या बाई सकाळी नळावर लिनबाईंकडे टक लावून बघत राहिल्या. शेवटी न राहवून विचारलं, "बहनजी, आप कहाँ की हैं?"

लिनबाईंनी घागर कडेवर घेतली.

"मी इथलीच. तुम्ही नव्या दिसता. लवकर भरून घ्या हं, पाणी जातं आता."